ऋषीची भाजी गॅलरीतून: जमेल का?

चौथा_मजला (१४ जून, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. कोथरूडला चौथ्या मजल्यावर राहते. पूर्वेची गॅलरी, बारा फूट बाय चार. ऊन सकाळी साडेसात ते साडेअकरा, पुढे समोरच्या बिल्डिंगची मर्जी. आजवरची शेती म्हणजे तुळस, ओवा, कोरफड आणि एक कढीपत्ता, जो दर वर्षी मरतो आणि दर वर्षी नवा येतो.

परवा सासूबाईंशी बोलताना ऋषिपंचमीचा विषय निघाला. त्यांचं माहेर भोरकडचं. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, म्हणून परसात जे असेल ते काढून त्याचीच भाजी व्हायची. आम्ही गेली वीस वर्षं ती मंडईतून आणतोय. आदल्या दिवशी 'ऋषीच्या भाजीचा वाटा' मिळतो ना, चिरलेला सुरण, दोन भेंड्या, कणसाचे तुकडे, तो. जिचा नियमच 'घरच्या परसातली' असा, तीच भाजी विकत आणायची याचं मला एकदम हसू आलं.

तर यंदा ठरवलंय. यादी अशी: अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, काकडी, मका, चवळीच्या शेंगा, लाल भोपळा, सुरण. अधिक महिन्याच्या कृपेने ऋषिपंचमी लांबून १५ सप्टेंबरला गेलीये, म्हणजे हातात ९३ दिवस. जमेल का? आधी काय लावू?

आणि जोडप्रश्न: जे पिकणार नाही ते जवळपासचं घ्यायचं म्हटलं, तर 'जवळपास' म्हणजे कुठपर्यंत धरायचं?

बटाटेवडा (१४ जून, ९:५२)

सुरण १५ सप्टेंबरला नक्की तयार होईल. पुढच्या वर्षीच्या.

मातीचे_पाय (१४ जून, ११:१५)

बटाटेवडा चेष्टा करतोय, पण बरोबर बोलतोय. सुरणाला सात-आठ महिने लागतात. उन्हाळ्याच्या शेवटी लावायचा आणि पानं पिवळी पडून मान टाकली की काढायचा. तो सोडा. लाल भोपळाही सोडा, शंभर दिवस घेतो आणि वेल तिसऱ्या मजल्यावरच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत जातो. (अनुभव आहे. संबंध अजून सुधारलेले नाहीत.)

बाकीच्याचं उलटं गणित मांडा, म्हणजे १५ सप्टेंबरपासून मागे या. मक्याला ७५-८० दिवस, तो याच आठवड्यात टोका. दोडका साधारण दोन महिने, जूनअखेर. चवळी, भेंडी, काकडी ४५ ते ५५ दिवस, पण तुमच्याकडे ऊन चारच तास, म्हणून जुलैच्या पहिल्या आठवड्यातच लावा. लाल माठ २५-३० दिवसांत येतो, तो १५ ऑगस्टच्या सुमारास पेरा. आत्ता पेरलात तर सप्टेंबरपर्यंत त्याची झाडू होईल. अळूचे कंद आजच लावा. अळू सावलीत, ओलीत, दुर्लक्षात, कशातही येतं.

मका एका ओळीत लावू नका. त्याचे पराग वाऱ्यावर जातात. वर तुरा, खाली कणसाचे केस, आणि एकेका केसाला पराग मिळाला तर एकेक दाणा भरतो. कठड्याला शिपायांसारखी रांग लावलीत तर बोळकी कणसं मिळतील. निदान नऊ झाडं, तीन बाय तीन.

कुंड्यांवर पैसे घालवू नका. वाण्याकडे १५ किलोचे तेलाचे रिकामे डबे मिळतात. बुडाला भोकं पाडा, खाली रसवंतीची चिपाडं (रसवंत्या बंद व्हायला लागल्यात, उद्याच जा), मग पालापाचोळा, वर शेणखत आणि थोडी माती. नुसती माती भरलीत तर पहिल्याच पावसात वीट होईल.

कोपऱ्यावरचा (१५ जून, सकाळी ८:०५)

उत्साहावर पाणी टाकत नाही, फक्त हिशोब सांगतो. मीही दोन वर्षांपूर्वी असाच पेटलो होतो. कुंड्या, कोकोपीट, गांडूळखत, निंबोळी पेंड, आणि एक छोटं गोंडस फावडं मिळून ४२०० रुपये. उत्पन्न ११ टोमॅटो. एक टोमॅटो ३८२ रुपयांना पडला. बायकोने त्यातल्या एकाचा फोटो फ्रेम करायचा सुचवलं.

अनुस्वार (१५ जून, ८:४०)

धाग्याच्या शीर्षकात 'ऋषीची' आणि आत 'ऋषिपंचमी' हे दोन्ही बरोबर लिहिल्याबद्दल अभिनंदन. असे धागे दुर्मीळ झालेत.

शास्त्रार्थाची एक शंका. कुंडीत शेणखत घालणार. ते बैलाचं असेल तर ते बैलाचे श्रम मानायचे की नाहीत?

बटाटेवडा (१५ जून, ८:४४)

श्रम कसले, ते बैलाचं विश्रांतीतलं काम.

सासवडकर (१५ जून, दुपारी १:२०)

आमच्याकडे शेत आहे म्हणून बोलतो. बैल राहिलेत कुठे? आमच्या वस्तीवर बारा घरांत मिळून एक जोडी, तीही बैलपोळ्याला मिरवायला. बाकी सगळी नांगरट ट्रॅक्टरची. त्या हिशेबाने ऋषिपंचमीला पुरणपोळीसुद्धा चालायला हवी.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सांगतो. गच्चीत-गॅलरीत जरूर लावा, पण त्याने घर चालणार नाही हे धरून चाला. रोज खायचं ते आमच्याकडूनच येणार आहे. मग निदान आमच्याकडे कधी काय असतं ते माहीत करून घ्या. पुण्यातल्या माणसाला वाटतं मटार हिवाळ्यातच. आमच्या पुरंदरचा वाटाणा पावसावर येतो, जूनमध्ये पेरला की ऑगस्ट-सप्टेंबरात शेंगा तोडणीला. तुम्ही जानेवारीत सोललेला खाता तो बराचसा परराज्यातला. सीताफळ पावसाळ्यात सुरू होऊन दिवाळीपर्यंत. अंजिराचे दोन बहार, खट्टा हिवाळ्याच्या तोंडावर आणि मीठा उन्हाळ्यात. भौगोलिक मानांकन मिळालंय आमच्या अंजिराला, पण उन्हाळ्यात ते टोपलीत घेऊन दिवे घाट उतरेपर्यंत निम्मं मऊ पडतं. ज्याचा पल्लाच एका दिवसाचा, ते फळ जवळच्या माणसानेच खायचं असतं.

आणि एक तक्रार. गॅलरीतली वाकडी भेंडी तुम्ही कौतुकाने खाता, फोटो टाकता. तीच वाकडी भेंडी आमच्या पाटीत असली की बाजूला सारता.

चौथा_मजला (१५ जून, २:०२)

सासवडकर, शेवटच्या वाक्याला उत्तर नाही माझ्याकडे. सारते मी बाजूला.

स्लॅब_बीम (१५ जून, संध्याकाळी ६:३०)

धंद्याने स्ट्रक्चरल इंजिनिअर. कोणी हे वाचून गच्चीवर वाफे बांधायला निघायच्या आत सांगून ठेवतो. वापरात असलेल्या गच्चीसाठी साधारण दीडशे किलो दर चौरस मीटर एवढा वाढीव भार धरून डिझाइन करतात. एक फूट जाडीचा ओल्या मातीचा थर चौरस मीटरला पाचशे किलोच्या आसपास जातो. म्हणजे तिपटीहून जास्त. म्हणूनच पाचट-पालापाचोळा जास्त आणि माती कमी. मातीचे_पाय यांनी सांगितलेली पद्धत झाडाला जशी मानवते तशी स्लॅबलाही. डबे कठड्यालगत, तुळईच्या वर ठेवा, मधोमध नको. आणि विटांवर ठेवा, खालून हवा खेळली पाहिजे. गच्ची गळायला लागली की सोसायटीची मीटिंग होते आणि त्या मीटिंगमध्ये काहीही पिकत नाही.

पेठेतला (१५ जून, रात्री १०:१०)

अळूवरून आठवलं. आमचा वाडा नदीच्या बाजूला होता. मागच्या अंगणात न्हाणीघर आणि न्हाणीचं पाणी जिथे वाहत जाई तिथे आजीचं अळू. मुद्दाम कोणी लावलेलं मी पाहिलं नाही. आजी आंघोळ झाली की ओलेत्याने चार पानं खुडून आणायची, देठ सोलताना बोटं काळी व्हायची, ती चिंचेच्या कोळाने घासायची. फदफदं चुलीवर, शेंगदाणे आणि हरभऱ्याची डाळ घालून.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं. मी सात वर्षांचा. मागची भिंत, न्हाणीघर, चूल सगळं गेलं, कमरेएवढा गाळ. आम्ही नातेवाइकांकडे राहायला गेलो. गणपतीच्या सुमारास वडील काही सामान मिळतंय का बघायला मला घेऊन गेले, तर त्या गाळातून अळू आलेलं, सुपाएवढी पानं. वडिलांनी सामानाबरोबर एक जुडी बांधून आणली. आजीने ती हातात घेतली आणि बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "डाळ भिजत घाला."

रानमेवा (१६ जून, सकाळी ७:३०)

पेठेतला काका, सकाळी सकाळी रडवलंत.

थोडं अवांतर. सगळे लावायच्या गोष्टी करतायत, पण न लावता येणाऱ्या रानभाज्या सगळ्यात हंगामी असतात ते विसरू नका. सध्या मुळशी, वेल्हे भागातल्या बायका शेवळं घेऊन येतात, पावसाच्या तोंडावरचे थोडे दिवसच. पाठोपाठ टाकळा, मग कुर्डू, फोडशी, भारंगी, श्रावणाकडे करटुली. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला प्लास्टिकच्या कागदावर वाटे मांडून बसतात, नऊच्या आत गेलात तरच मिळतं. शेवळं घेताना काकडं मागून घ्या (हिरवी आंबट फळं असतात, काकडी नव्हे), त्यांच्या रसात शिजवली नाहीत तर घसा असा धरतो की दोन दिवस मौनव्रत. कशी करायची ते विकणाऱ्या मावशींनाच विचारा. आणि ओळख नसताना टेकडीवरून स्वतः खुडून आणू नका.

मावळातला (१६ जून, ९:१५)

'जवळपास म्हणजे कुठपर्यंत' याचं माझं उत्तर: भातापासून सुरू करा. भाजीच्या चार काड्यांवर सगळी चर्चा चाललीये आणि ताटात निम्मा भात कुठून आला कोणी विचारत नाही. इंद्रायणी वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला, आंबेमोहोर आणि आयआर-८ या भाताच्या जातींच्या संकरातून, १९८७ साली. चिकट, वासाचा, पुण्याहून तासाभराच्या अंतरावरचा. मुळशीचा आंबेमोहोर अजून जवळ. एखाद्या शेतकऱ्याशी बोलून ठेवलं तर दिवाळीनंतर वर्षाचं पोतं घरी येतं. आमचं असंच जातं, ओळखीओळखीत. फक्त नवा तांदूळ पाणी कमी घालून शिजवा, नाहीतर 'खीर झाली' म्हणून मला फोन येतात.

नदीकाठ (१६ जून, ११:००)

एक विरोधी मत. जवळचं म्हणजे चांगलंच असं का धरून चाललोय आपण? मुळा-मुठेत शहराचं सांडपाणी किती जातं हे संगम पुलावर उभं राहिलं की नाकाला कळतं. खालच्या अंगाला त्याच पाण्यावर शेती होते. तीस किलोमीटरवरची पालेभाजी 'स्थानिक' म्हणून डोळे मिटून घ्यायची की लांबची चालेल? अंतर मोजता येतं म्हणून आपण तेवढंच मोजतो. पाणी कुठलं ते विचारा.

सासवडकर (१६ जून, ११:३५)

नदीकाठ, मान्य. आमच्याकडे उलटा प्रश्न, पाणीच नाही. पण विचारा हे खरं. गिऱ्हाईक भाव विचारतं, पाणी कधीच विचारत नाही.

कोपऱ्यावरचा (१६ जून, ११:५०)

मंडईत उद्या विचारतो. "मावशी, पाणी कुठलं?" मावशी बिसलेरी काढून देतील.

बियाणं_बँक (१६ जून, दुपारी ३:३०)

बी कुठलं लावणार? पाकिटावर 'संकरित' लिहिलेलं असेल तर पीक भरपूर येईल, पण त्याचं बी धरून पुढच्या वर्षी लावलंत तर आईबापांवर जाईलच असं नाही. गावरान मिळवा. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री याच कामाला मिळाली, घरातल्या घरात गावरान बियाणं जपायचं. आपल्याला तेवढं नाही जमत, पण एक दोडका झाडावर जून होऊ द्यायला काय हरकत आहे? माझ्याकडे गावरान दोडका, चवळी आणि लाल माठ आहे. कर्वे रोडला येत असाल तर कळवा, पुडी देते.

चौथा_मजला (१७ जून, रात्री ८:२०)

सगळ्यांचे आभार. बियाणं_बँक, उद्या येते. वाण्याने डबे दहा दिले, रसवंतीवाल्याने चिपाडाचं पोतं फुकट दिलं आणि वर विचारलं, "म्हैस पाळलीये का?"

सुरण आणि भोपळा यादीतून बाद. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, सुरणाशिवाय ऋषीची भाजी म्हणजे नुसतं कालवण.

चौथा_मजला (७ ऑगस्ट, सकाळी १०:१०)

धागा वर काढते, मदत हवी आहे. दोडक्याचा वेल ग्रिलभर पसरलाय, पिवळी फुलं ढीगभर, पण सगळी गळतायत. एकही दोडका नाही. चौथ्या मजल्यावर मधमाशा येत नसतील म्हणून रोज सकाळी सातला कापसाच्या काडीने पराग फिरवतेय. भेंडीची पानं पिवळी पडून शिरा जाळीसारख्या दिसायला लागल्यात, ते वेगळंच. मका डोक्याएवढा, तुरे आलेत.

मातीचे_पाय (७ ऑगस्ट, १०:४८)

अहो, सकाळी सातला दोडक्याचं फूल झोपतं! काकडी, भोपळ्याची फुलं सकाळी उमलतात, दोडक्याची संध्याकाळी. तुम्ही रोज कोमेजलेल्या फुलांना रंग लावताय. साडेसहाच्या पुढे बघा. नराची फुलं घोसाने येतात आणि मादी एकटी, तिच्या मागे बोटभर दोडका आधीच दिसतो. नराचं फूल खुडून पाकळ्या मागे करा आणि सरळ मादीच्या मध्यावर टेकवा, काडीबिडी नको.

भेंडीचा तो केवडा रोग, पांढरी माशी पसरवते. औषध नाही. जे झाड पूर्ण पिवळं झालंय ते उपटून पिशवीत बांधून टाका, उरलेल्यांवर निंबोळी तेलाचं पाणी फवारा आणि पिवळा चिकट कागद लावा.

बटाटेवडा (७ ऑगस्ट, ११:०२)

कापसाच्या काडीने रोज सातला. शेजाऱ्यांना काय वाटत असेल याचा विचार करतोय.

चौथा_मजला (१२ ऑगस्ट, रात्री ९:१५)

साडेसहाला सगळी उमललेली! चार माद्या सापडल्या. एकीचा दोडका आज करंगळीएवढा होता तो अंगठ्याएवढा झालाय. मी ऑफिसच्या मीटिंगमधून कॅमेरा बंद करून उठले या कामासाठी, हे इथेच राहू द्या.

पेठेतला (१३ ऑगस्ट, सकाळी ६:५०)

अळू कसं आहे?

चौथा_मजला (१३ ऑगस्ट, ७:२०)

काका, अळू एकदम राजासारखं. त्याला मी काहीच केलं नाही. कपडे धुण्याच्या मशिनशेजारचा डबा, फरशी पुसल्यावरचं पाणी तिथे ओतते.

कोपऱ्यावरचा (१३ ऑगस्ट, ७:३०)

म्हणजे न्हाणीचं पाणीच झालं की.

चौथा_मजला (१६ सप्टेंबर, रात्री १०:३०)

काल झाली एकदाची. हिशोब मांडते, लपवाछपवी नाही.

अळू: भरपूर, घरचं. लाल माठ: घरचा, १४ ऑगस्टला पेरला होता तो बरोबर आला. दोडके: दोन (चारातले दोन कबुतरांनी टोचून बघितले आणि नापसंत केले). चवळीच्या शेंगा: मूठभर. भेंड्या: तीन. मोजून तीन, त्यातली एक जून निघाली. काकडी: चार आल्या, तीन कडू. पाणी द्यायला मधे चार दिवस विसरले होते, त्याचा राग असावा. मका: नऊ झाडं, तीन बाय तीन, पण वाढताना मी दोन डबे उन्हाला सरकवले. कणसं पाच, दोन भरलेली आणि तीन म्हणजे आजोबांचं हसू.

सुरणाचं सांगायचं राहिलं. सासूबाईंनी हट्ट धरला म्हणून १४ ला मंडईत गेले. वाटेवालीकडून नाही घेतला. एका आजोबांकडे अख्खा गड्डा होता, माती लागलेला. "कुठला?" विचारलं तर म्हणाले घरामागचा. खरं-खोटं त्यांना ठाऊक, पण गड्ड्याला खालून न्हाणीजवळच्या जमिनीचा असतो तसा काळा चिखल होता. आणि शेजारच्या पाटीत वाकड्या भेंड्या होत्या, सासवडकर, त्या अर्धा किलो घेतल्या. तीन भेंड्यांनी काय होणार होतं?

भाजी उकळताना सासूबाई आल्या, झाकण काढलं, वास घेतला, चिंच कमी आहे म्हणाल्या. मी म्हटलं पुरे. पुरे नव्हती. जेवताना सगळ्यांचे घसे खाजले. नवऱ्याने दोन वाट्या ताक प्यायलं. सासूबाईंनी मात्र दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि म्हणाल्या, माहेरी पण अशीच खाजायची.

अनुस्वार (१६ सप्टेंबर, १०:४१)

'नवऱ्याने प्यायलं' नव्हे, 'नवरा ताक प्यायला'. बाकी वृत्तांत निर्दोष.

सासवडकर (१६ सप्टेंबर, १०:५५)

अर्धा किलो वाकड्या भेंड्यांची नोंद घेतली आहे. आमचा वाटाणा सुरू आहे, अजून आठवडा-दोन आठवडे मिळेल.

बियाणं_बँक (१६ सप्टेंबर, ११:२०)

दोन्ही दोडके भाजीत घातलेत? बी?

चौथा_मजला (१६ सप्टेंबर, ११:३२)

नाही नाही. त्यानंतर लागलेला एक ग्रिलच्या बाहेरच्या बाजूला ठेवलाय, जून व्हायला. कबुतरं येऊ नयेत म्हणून त्याला माझ्या मुलाचा मोजा घातलाय.

बटाटेवडा (१६ सप्टेंबर, ११:३४)

फोटो!